खाण तशी माती, आणि डोक्याला बसलेला मार

‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्या खानदेशात जितक्या सहजतेने उच्चारली जाते, तितक्या सहजतेने ती कधी तपासली जात नाही. मूल हुशार निघाले तर ते बापाच्या वळणावर गेले, आणि गणितात नापास झाले तर आजोळच्या, असा निवाडा घरोघरी होतच असतो. मामा-आजोबांचा थोडा उपहास होण्यापलीकडे त्याने काही बिघडत नाही, तोवर त्याकडे हसून पाहता येते. परंतु अलीकडे हाच निवाडा आम्हांस एका निराळ्या प्रसंगी ऐकू येऊ लागला आहे, आणि तेथे तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अपघातात डोक्यास मार लागलेला मुलगा वाचतो, दवाखान्यातून घरी येतो; पण त्याची सुधारणा नातलगांच्या अपेक्षेप्रमाणे भराभर होत नाही. मग भेटीस आलेल्यांपैकी कोणी तरी जाणता गृहस्थ म्हणतो, “त्याच्या रक्तातच दम नाही, त्याला तो बिचारा काय करणार?” मोबाईलच्या कृपेने ‘जनुक’ हा शब्द आता ओट्यावरच्या गप्पांतही आला आहे, त्यामुळे ह्या जुन्या समजुतीस शास्त्राचे नवे वस्त्र मिळाले आहे. तेव्हा शास्त्र ह्या बाबतीत खरोखर काय म्हणते, आणि त्यावरून शहाण्या माणसाने काय धडा घ्यावा, ह्याविषयी आमचे मत आम्ही पालकांपुढे व वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांपुढे मांडीत आहो.

हा विषय दूरचा आहे असे कोणी समजू नये. मुंबईहून आग्र्यास जाणारा रस्ता आणि सुरतेहून नागपुरास जाणारा रस्ता हे दोन्ही धुळ्यास एकमेकांस छेदतात. दुसरा पुढे पारोळा, एरंडोल ह्या गावांवरून जळगावच्या भर वस्तीतून भुसावळकडे गेला आहे. केळी, कापूस, पपई ह्यांचे ट्रक, उसाचे ट्रॅक्टर, कंटेनर आणि त्यांच्या मधून वाट काढणारी, तीन-तीन मुलांनी भरलेली दुचाकी, हे दृश्य आमच्या वाचकांनी काल-परवाच पाहिले असेल. यावल तालुक्यात किनगावाजवळ फेब्रुवारी 2021 मध्ये पपईचा ट्रक उलटून निदान पंधरा मजूर रात्रीतून दगावले. शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ 4 जुलै 2023 रोजी एक बेफाम झालेला कंटेनर वाहनांस धडकून हॉटेलात घुसला, आणि निदान दहा माणसे प्राणांस मुकली. हे मोठे अपघात म्हणून वर्तमानपत्रांत आले. गावाबाहेरच्या वळणावर एकटा घसरून पडलेला मुलगा मात्र छापून येत नाही. आणि जे वाचतात त्यांचे पुढे काय होते, हे तर त्यांच्या घराबाहेर कोणासच कळत नाही.

आम्ही ज्यांस शिकविले त्यांपैकी दोन मुलांचे उदाहरण आमच्या नजरेसमोर आहे. दोघे एकाच गाडीवर होते, एकाच वेळी पडले, आणि इजाही दोघांस साधारण सारखीच असे डॉक्टरांचे मत पडले. त्यांपैकी एक महिन्याभरात वर्गात परत आला. दुसऱ्यास वर्ष लागले. आणि त्यानंतरही त्यास एक उतारा वाचून दुसरा वाचावयास घेतला की पहिला आठवत नसे. असे का व्हावे, हा प्रश्न त्या मुलाच्या आईने आम्हांस विचारला होता. तो प्रश्न जगभरच्या वैद्यांसही पडलेला आहे, आणि त्याचे जे अर्धेमुर्धे उत्तर सापडले आहे ते फार उद्बोधक आहे.

बेशुद्धी किती खोल आहे हे मोजण्याची जी पट्टी आज आपल्या जिल्हा रुग्णालयांतही वापरतात, ती 1974 साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे ग्रॅहॅम टीसडेल व ब्रायन जेनेट ह्या दोघा डॉक्टरांनी तयार केली. रोगी डोळे कसे उघडतो, कसा बोलतो, हातपाय कसे हलवितो, ह्यांस गुण देऊन 3 पासून 15 पर्यंतचा आकडा काढावयाचा, इतकी ती सोपी आहे. परंतु आकडा सारखा असूनही दोन रोग्यांचा शेवट सारखा होत नाही, हे त्याच टीसडेल साहेबांच्या ध्यानी आले. त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी एका जनुकाकडे लक्ष वळविले. ‘एपीओई’ हे त्याचे नाव. हे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असते, आणि त्याच्या आज्ञेने होणारे प्रथिन शरीरात स्निग्ध पदार्थांची ने-आण करते. मेंदूच्या पेशींची मोडतोड झाली की त्यांच्या आवरणांची डागडुजी करण्यास हेच स्निग्ध पदार्थ लागतात. तेव्हा गवंड्यास माल पोचविणाऱ्या हमालासारखे त्याचे काम आहे म्हणावयास हरकत नाही. ह्या जनुकाचे दुसरा, तिसरा व चौथा असे तीन प्रकार माणसांत आढळतात. तिसरा सर्वांत सामान्य. प्रत्येकाजवळ त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक बापाकडून. (बापाच्या वळणावर गेला की आईच्या, हा वाद घालणाऱ्यांनी एवढे एक वाक्य जरी ध्यानात ठेविले तरी पुष्कळ भांडणे मिटतील.)

1997 साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांच्याजवळ चौथा प्रकार होता अशा 30 रोग्यांपैकी 17 जणांची अखेर वाईट झाली, म्हणजे ते दगावले तरी किंवा मोठ्या अपंगत्वात पडले. ज्यांच्याजवळ तो नव्हता अशा 59 पैकी 16 जणांची तशी गत झाली. शेकडेवारीने पाहिले तर एकीकडे 57, दुसरीकडे 27. हा फरक लहान नव्हे. त्याच वर्षी अमेरिकेत तीस मुष्टियोद्ध्यांची पाहणी झाली, आणि ज्यांनी फार सामने खेळले होते त्यांच्यांत चौथा प्रकार असणाऱ्यांच्या मेंदूची झीज अधिक दिसली. ‘रक्तातच दम नाही’ असे म्हणणाऱ्या गृहस्थास एवढे वाचून फार आनंद झाला असता.

पण खरा शास्त्रज्ञ कोणता, हे पुढच्या गोष्टीवरून कळते. टीसडेल साहेब आपल्या यशावर थांबले नाहीत. नव्वद रोग्यांवरून काढलेला निष्कर्ष हजारांवर टिकतो की नाही, हे पाहावयाचे त्यांनी ठरविले. हजाराहून अधिक रोग्यांची नोंद करून 2005 साली त्यांनीच जाहीर केले की, सर्वांचा एकत्र विचार करता चौथ्या प्रकाराने म्हणण्यासारखा फरक पडत नाही. जो काही परिणाम दिसला तो लहान वयाच्या रोग्यांत, विशेषेकरून मुलांत. आमच्या मते विद्यार्थ्यांस विज्ञान शिकविताना ह्या दोन निबंधांची कथा अवश्य सांगावी. आपलेच जुने म्हणणे अधिक मोठ्या तराजूत घालून पुन्हा जोखावयास जे धैर्य लागते, ते सर्वांजवळ नसते. भारतीय रोग्यांवरही बंगळूरच्या निम्हान्स ह्या संस्थेत ह्या जनुकाविषयी शोध झाला व 2010 साली प्रसिद्ध झाला. परंतु त्यातील रोग्यांची संख्या थोडी, त्यामुळे त्यावर मोठी इमारत उभारता येत नाही.

दुसरे एक जनुक आहे, त्याची कथा तर आणखी मौजेची. ‘बीडीएनएफ’ ह्या नावाचे हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असून मज्जापेशींचे पोषण करणारे एक प्रथिन त्याच्यामुळे तयार होते. त्यात एके ठिकाणी काही माणसांत एका घटकाऐवजी दुसराच घटक येतो. 2003 साली निरोगी माणसांची तपासणी करून असे सांगण्यात आले की, हा फेरफार असणाऱ्यांची स्मरणशक्ती किंचित उणी असते. झाले, तो ‘वाईट’ प्रकार ठरला. परंतु व्हिएतनामच्या युद्धात डोक्यास जखमा झालेल्या अमेरिकन सैनिकांची वर्षानुवर्षे पाहणी चालू होती. त्यांच्यांत 2011 साली उलटाच प्रकार दिसून आला. कामाची योजना करणे, मन आवरणे, एका कामातून दुसऱ्याकडे वळणे, ह्या गोष्टींत हाच ‘वाईट’ प्रकार असणारे जखमी सैनिक अधिक सावरलेले आढळले. शांततेच्या काळात जे उणे, तेच संकटात कामास आले. मग ह्या खाणीस चांगली म्हणावयाचे की वाईट?

आणि अगदी अलीकडचे म्हणाल, तर 2022 साली युरोप व अमेरिका येथील पाच हजारांहून अधिक जखमी माणसांची सर्व जनुके धुंडाळून एक मोठा निबंध प्रसिद्ध झाला. कठोर कसोटीस उतरेल असे एकही जनुक त्यांस सापडले नाही. एपीओईही नाही. तथापि सर्व जनुकांचा एकत्र वाटा त्यांनी काढला, तो सुमारे चौथ्या हिश्श्याएवढा, नेमके म्हणजे शेकडा 26 भरला. ह्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. एखाद्या मुलाच्या दुखण्याचा चौथा हिस्सा त्याच्या कुळाने दिला, असा त्याचा अर्थ नाही. रोग्यारोग्यांच्या सुधारणेत जी तफावत पडते तिचा सुमारे चौथा भाग त्यांच्या जनुकांतील फरकांशी जोडता येतो, इतकेच त्याचे म्हणणे. आणि तेही शेकडो लहान-लहान फरकांच्या बेरजेशी, एखाद्या ठळक दोषाशी नव्हे. उरलेले तीन भाग? इजा कोठे झाली, किती खोल झाली, वय काय, उपचार किती वेळात मिळाला, पुढे सेवा कोणी व कशी केली, ह्यांच्याकडे ते जातात. आम्ही येथे आमचा एक तर्क जोडतो. जेथे रुग्णवाहिका सर्वांस सारख्याच लवकर मिळते अशा देशांतला हा हिशेब आहे. जेथे एक रोगी अर्ध्या तासात शहरातल्या दवाखान्यात पोचतो आणि दुसऱ्यास सातपुड्याच्या पाड्यावरून यावयास पाच तास लागतात, तेथे परिस्थितीचा हिस्सा ह्याहून मोठाच निघावयाचा.

सातपुड्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. एकट्या जनुकाचा दोष कसा असतो, हे खानदेशास परके नाही. सिकलसेलचा आजार धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील भिल्ल, पावरा बांधवांत पुष्कळ आढळतो. रक्तातील हिमोग्लोबिनचा एकच घटक बदलल्याने रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. आई व बाप दोघांकडूनही दोष आला तर मूल आजारी होते. एकाकडूनच आला तर ते केवळ वाहक राहते. हा कायदा इतका निश्चित आहे की तपासणीचा तेथे खराखुरा उपयोग होतो, आणि म्हणूनच 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचे देशव्यापी अभियान सुरू झाले ते योग्यच झाले. परंतु तेथेही वाहक असलेल्या निरोगी मुलीचे कार्ड पाहून लोक तिला आजारी ठरवू लागले, तर औषधापेक्षा अपाय मोठा. जेथे नियम इतका स्पष्ट आहे तेथे ही भीती, मग डोक्याच्या इजेसारख्या गुंतागुंतीच्या बाबतीत अर्धवट ज्ञानावर कुळाकुळांस शिक्के मारणे हा केवढा अन्याय होईल, ह्याचा वाचकांनीच विचार करावा.

कित्येक सुशिक्षित पालक आम्हांस विचारतात की, थुंकीच्या नमुन्यावरून जनुके तपासून देणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत, तर मुलाची तपासणी करून घ्यावी काय? अपघातातून उठलेल्या मुलासाठी तरी ती घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या उत्तरावरून डॉक्टरांच्या उपचारात आज काहीही बदल होत नाही. शिवाय एपीओईचा जो चौथा प्रकार, तोच म्हातारपणी होणाऱ्या अल्झायमर ह्या विस्मृतीच्या रोगाचा धोका वाढविणारा म्हणून प्रसिद्ध आहे. चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्यास लागले म्हणून तपासणी करावयाची, आणि त्यास साठीनंतर काय होण्याचा संभव आहे ते आताच त्याच्या कपाळी लिहून ठेवावयाचे, हा अधिकार बापासही नाही. मोठा झाल्यावर ते जाणून घ्यावेसे त्यास वाटले तर तो जाणून घेईल.

ज्यांवर आपला ताबा चालतो अशा गोष्टी आधी कराव्यात. चांगल्या हेल्मेटने दुचाकीस्वाराच्या डोक्यास इजा होण्याचा धोका शेकडा 69 इतका, व मृत्यूचा शेकडा 42 इतका कमी होतो, असे अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून ठरलेले आहे. जगातील कोणत्याही जनुकाच्या अंगी एवढे सामर्थ्य अद्याप आढळलेले नाही. 2022 ह्या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली, आणि त्यांपैकी 50,029 दुचाकीवरची माणसे हेल्मेट न घालता बसलेली होती. मागे बसलेल्यानेही ते घातले पाहिजे, चार वर्षांवरील मुलानेही घातले पाहिजे, असा कायदा आहे. उन्हाळ्यात जळगावास पारा पंचेचाळिसावर गेला म्हणजे हेल्मेट नकोसे होते हे आम्ही जाणतो. पण रुमाल बांधून तीन मैल जाता येते, तर हेल्मेट घालूनही जाता येईल.

अल्पवयीन मुलास गाडी देणाऱ्या वडिलांविषयी तर आम्हांस थोडे कडक लिहावे लागते. दहावीत चांगले गुण मिळाले म्हणून बक्षीस गाडी! पन्नास सी.सी.च्या आतील, गियर नसलेल्या गाडीचा परवाना सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने मिळतो; त्याहून मोठ्या गाडीस अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. वडिलांनी मुलास कौतुकाने दिलेली वस्तू ती हीच.

अपघात झालाच, तर पहिल्या काही तासांस फार मोल आहे. डोके आपटल्याने जी इजा व्हावयाची ती क्षणात होऊन जाते; तिच्यावर कोणाचाच इलाज नाही. परंतु त्यानंतर मेंदू सुजतो, आत रक्त साकळते, रक्तदाब उतरतो, प्राणवायू कमी पडतो, आणि ही दुसरी इजा पहिलीपेक्षाही घातक ठरू शकते. हिला आवर घालता येतो. 108 वर दूरध्वनी करावा. ही सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी किंवा चहा घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. कांदा हुंगविण्यात वेळ घालवू नये. मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल ही भीती आता बाळगण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली व नंतर कायद्याने 2019 साली मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. आणखी एक गोष्ट मुलांनी विशेष ध्यानात धरावी. कबड्डीत किंवा सायकलवरून पडल्यावर मुलगा उठून बसला, बोलला, हसला, म्हणजे संकट टळले असे नाही. कवटीच्या आत सावकाश रक्तस्राव होत असता माणूस काही तास अगदी ठीक दिसतो, आणि मग एकाएकी ढासळतो. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, न उठवता येणारी झोप, आकडी, एक बाहुली मोठी व एक लहान दिसणे, कानानाकातून रक्त किंवा पाणी येणे, ह्यांपैकी काहीही दिसले तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघावे. घरी मार बसेल ह्या भयाने पडल्याचे लपवून ठेवणारी मुले आहेत. पालकांनी तशी भीती घातलेली नसावी.

आता राहिली शाळेची व घराची गोष्ट, आणि आमच्या दृष्टीने हीच मुख्य. हाड मोडले तर प्लॅस्टर दिसते. मेंदूची इजा दिसत नाही. बाहेरून मुलगा धडधाकट, आणि वर्गात मात्र जांभया देतो, कोलाहल सहन होत नाही म्हणून चिडतो, काल पाठ झालेले आज विसरतो. त्यास आळशी म्हणणे सर्वांत सोपे, आणि ‘रक्तातच दम नाही’ असे म्हणणे त्याच्या खालोखाल सोपे. दोहोंतही सांगणाऱ्याच्या अंगावर काही जबाबदारी पडत नाही, हा त्यांचा मोठाच सोयीचा गुण. वस्तुतः पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होत असली तरी पुढे कित्येक वर्षे ती मंदगतीने चालूच राहते. सौम्य इजेत एक-दोन दिवस विश्रांती, मग थोडे-थोडे वाचन, मग अर्धा दिवस शाळा, आणि खेळ सर्वांच्या शेवटी, असा क्रम हल्लीचे वैद्य सांगतात. गंभीर इजेत हाच क्रम महिन्यांनी मोजावा लागतो. एका वेळी एकच सूचना द्यावी, ती फळ्यावर लिहून ठेवावी, मुलास खिडकीपासून व गोंगाटापासून दूर बसवावे. ह्यास पैसा लागत नाही, फक्त शिक्षकास ठाऊक असावे लागते. वर आम्ही ज्या दुसऱ्या मुलाविषयी लिहिले, त्याची आई रोज रात्री त्यास दिवसभराची हकिकत तोंडी सांगावयास लावी व न आठवलेले दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारी. तो दहावीची परीक्षा आपल्या सोबत्यांच्या दोन वर्षे मागून उतीर्ण झाला. त्याच्या जनुकांचा प्रकार कोणता, हे आम्हांस ठाऊक नाही. त्याच्या आईसही नाही.

म्हणून पालकांस आमची एक मागणी आहे. मुलाच्या डोक्यास मार लागून तो दवाखान्यात राहिला असेल, मग तो दोन वर्षांपूर्वीचा का असेना, तर दवाखान्याच्या कागदांची नक्कल वर्गशिक्षकांकडे द्यावी. लग्नाच्या वेळी अडचण येईल म्हणून, विशेषतः मुलींच्या बाबतीत, हे कागद पेटीत दडवून ठेवण्याची चाल आहे, ती सोडावी. कायमचे अपंगत्व राहिले असेल तर जिल्हा रुग्णालयातून रीतसर प्रमाणपत्र काढता येते, आणि त्यावरून राज्य मंडळाच्या परीक्षेस जादा वेळ व लेखनिक अशा सवलती मागता येतात. प्रमाणपत्रास वेळ लागतो, त्यामुळे परीक्षेचे फॉर्म भरण्याची वेळ येईपर्यंत न थांबता नववीच्या वर्षातच त्या कामास लागावे.